नऊ दहाचा रामराम

५ जानेवारी १९७६, सोमवार

मोठा दिवस. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. जाण्याआधी दारावर तीनदा टकटक केली, ती आदराने. आणीबाणी लागल्यापासून केबिनमध्ये गेलेला माणूस बाहेर येताना निराळाच दिसतो. मी बाहेर आलो तो कचेरीचा सौजन्यप्रमुख होऊन.

साताऱ्याहून सर्क्युलर आलंय. बारा तारखेपासून सौजन्य सप्ताह. जनतेशी हसतमुखाने वागावे. नमस्कार करावा. बोलणे कमी, काम जास्त. दहा फेब्रुवारीच्या आत अहवाल, आणि अहवालात एक रकाना: 'सौजन्याचे ठळक उदाहरण (एकच)'. साहेब म्हणाले, नाथाजी, अकरा वर्षांत तुम्ही कुणाला उलट बोललेलं मी ऐकलं नाही, तेव्हा तुम्हीच. अचूक निवड. माझ्या या गुणाला लोक भित्रेपणा म्हणतात. घरी येऊन अंजनाला सांगितलं. नवऱ्याला पद मिळालं की बायका हरखतात असं ऐकलं होतं. ती म्हणाली, "म्हंजे आता घरी बी बोलायचं न्हाई व्हय?" आणि भाकरी थापायला लागली.

ठळक उदाहरण माझ्याकडे तयारच आहे. ते मी स्वतः. आमचे घरमालक लालासाहेब, रिटायर हवालदार. सहा फूट उंची, भरघोस मिशा, दोन लढाया केलेले. बायको वारली, मुलगा मिल्ट्रीत तिकडे आसामात. दिवसभर एकटे पुढच्या जोत्यावर बसून असतात, आणि मागच्या दोन खोल्यांतून आम्हाला बाहेर पडायला त्यांच्या जोत्यापुढून एकच वाट. आधीच्या भाडेकरूला त्यांनी एका दुपारी पेटी-वळकटीसकट रस्त्यावर काढलं. कारण काय, तर तो येता-जाता ओळख दाखवत नव्हता. मी सहा वर्षं टिकलोय. रोज सकाळी नऊ दहाला, म्हणजे बरोबर नऊ वाजून दहा मिनिटांनी, जोत्यापाशी आलो की खणखणीत आवाजात म्हणतो, रामराम हवालदारसाहेब! तिकडून येतं, "रामराम, या!" छातीत पहिल्या दिवशी धडधडलं होतं तेवढंच आजही धडधडतं. सौजन्याला सातत्य लागतं.

६ जानेवारी, मंगळवार

सर्क्युलर तीनदा वाचलं. 'बोलणे कमी.' म्हणजे रामराम हेही बोलणंच झालं. शिवाय रस्त्यात ओरडून रामराम घालणं खेडवळच. ठराव: उद्यापासून मूक नमस्कार. हात छातीशी, मान पंधरा अंश खाली, स्मित. आरशापुढे वीस वेळा केला. अंजनाने विचारलं, दाढ दुखतीय का.

७ जानेवारी, बुधवार

मूक नमस्काराचा शुभारंभ. जुनी वहाण करकर वाजते, ते सौजन्यात बसेना, म्हणून रबरी चप्पल घेतली. मांजराच्या पावलांनी जोत्यापुढे गेलो. हात जोडले. स्मित. पंधरा अंश.

हवालदारांनी उत्तर दिलं नाही.

माझ्या डोक्यावरून पलीकडच्या लिंबाकडे बघत राहिले. मी तीस मोजेपर्यंत वाकून उभा होतो. मग निघालो. भारावले असतील.

८ जानेवारी, गुरुवार

आजही उत्तर नाही. भारावलेले नाहीत. रागावलेत.

कचेरीत दिवसभर तेच डोक्यात. चहा घशात कमी, टेबलावर जास्त. काय चुकलं असेल? आठवतील तेवढ्या चुका काढल्या. त्र्याहत्तर साली कॅलेंडरसाठी न विचारता भिंतीत खिळा ठोकला. अंजना मोठ्याने हसते. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या झाडाखाली पडलेला पेरू मी उचलला. तो पडलेला होता की पडायच्या बेतात होता, यावर मतभेद होऊ शकतो.

या घराआधी आम्ही तीन वर्षांत चार घरं बदलली. चौथ्या घरात तर स्वयंपाक दारात व्हायचा. इथं अंजनाने परसात अळू लावलंय, तुळस केलीय. पुन्हा पेट्या बांधायच्या म्हटलं तर ती काय म्हणेल? त्यापेक्षा हवालदार बरे.

ठराव: खिळा काढणे.

९ जानेवारी

खिळा काढला. त्याच्याबरोबर वीतभर गिलावा आला. तो झाकायला कॅलेंडर लावावं म्हटलं तर खिळा नाही.

१० जानेवारी, शनिवार

आता शंकाच नको. हवालदार जोत्यावर पेपर घेऊन बसले होते. पेपर उलटा! मथळे खाली, फोटोतली माणसं डोक्यावर उभी. मी येतोय असं दिसताच घाईघाईने तोंडापुढे धरला, हे उघड आहे. एवढी चीड, की माणसाने पेपर सरळ धरायचंही भान ठेवू नये.

अंजना जेवताना म्हणाली, "आवं, मामांच्या डोळ्यांचं कायतरी..." हवालदारांना ती मामा म्हणते. मी हात वर करून तिला थांबवलं. त्या डोळ्यांबद्दल मला सांगू नकोस, मी रोज बघतोय ते. ती म्हणाली, मग सरळ जाऊन इचारा की मामास्नी. बायकांना वाटतं सगळं सरळ विचारता येतं. सरळ विचारणं हा सौजन्याचा मार्ग नव्हे. ती म्हणाली, "ऱ्हायलं." ती स्वतः मात्र बोळातून जाताना "आवं मामा, भाजी आणलीया" असं निम्म्या मलकापूरला ऐकू जाईल असं ओरडते. संस्कार म्हणून काही असतात.

१३ जानेवारी, मंगळवार

सप्ताहाचा दुसरा दिवस. काल कोणीच आलं नाही, त्यामुळे सौजन्य पूर्णपणे यशस्वी.

आज वाठारचे नानासो म्हणून एक शेतकरी दाखल्यासाठी आले. मी उठून उभा राहिलो, हात जोडले, मान खाली, शब्द नाही. नानासोंचा चेहरा उतरला. त्यांनी डोक्याची टोपी काढून हातात घेतली आणि हळूच विचारलं, "कोण गेलं वं?" मी स्मित केलं. ते दचकून दोन पावलं मागे सरले. दाखला न घेताच गेले. बाहेर शिपायाला सांगत होते म्हणे, आतल्या क्लार्कच्या घरात कायतरी वाईट झालंय, बिचाऱ्याचं डोकं फिरलंय.

साहेबांनी पाहिलं नाही. निदान तसं वाटतं. दार उघडं होतं.

१६ जानेवारी, शुक्रवार

लिहू नये असं वाटतं. पण रोजनिशीशी प्रामाणिक राहायचं ठरवलंय.

संक्रांतीचं निमित्त साधायचं ठरवलं होतं. तिळगूळ घ्या, गोड बोला. यापुढे कुणाचाही राग टिकत नाही. अंजनाने केलेल्या वड्यांतली सगळ्यात चौकोनी वडी निवडली. 'हवालदारसाहेब, मोठ्या मनाने क्षमा करा' इथपर्यंतचं वाक्य पाठ केलं. जोत्यापुढे गेलो, तळहातावर वडी धरून हात पुढे केला. वाक्य आत, मी बाहेर. नुसता धापा टाकत उभा.

हवालदारांनी मान जराशी वळवली. कान टवकारल्यासारखं केलं. मग एकदम हात झटकून गरजले, "हाड! हाड!"

मी तिथून निघालो. वडी रस्त्यात खाल्ली. चव लागली नाही.

सहा वर्षांच्या रामरामाचं हे फळ. मला कुत्रं म्हणाले. माणसाला घराबाहेर काढायच्या आधी मनातून काढतात, ते काम झालं.

१७ जानेवारी, शनिवार

पहाटे परसात तोंड धूत होतो. पलीकडून हवालदारांचा आवाज. ते जोत्यावरून नळाकडे चालले होते आणि मोजत होते. एक, दोन, तीन... मी दात घासायचा थांबलो. सोळा, सतरा, अठरा. अठरावर थांबले. मोठ्याने म्हणाले, "अठरा. बास!"

अठरा काय? दिवस, दुसरं काय असणार! मिल्ट्रीचा माणूस, मुदत घालूनच कारवाई करणार. आजपासून अठरा म्हणजे तीन फेब्रुवारी. भिंतीवर खूण करायला कॅलेंडर नाही.

अंजनाने पुन्हा मामांच्या डोळ्यांचा विषय काढला. मी दोन्ही कानांवर हात ठेवले. मला आधीच झोप लागत नाही.

१९ जानेवारी, सोमवार

विचारपूर्वक नवीन धोरण. आपल्या दर्शनाने एखाद्याला त्रास होत असेल तर त्याला दर्शन न देणं, हे सौजन्याचं सर्वोच्च रूप नव्हे काय? सर्क्युलर काढणाऱ्यांनाही हे सुचलेलं नाही.

आमच्या परसामागे छातीइतकी दगडी भिंत. पलीकडे हरणाबाईचा गोठा. गोठ्यातून थेट सडकेवर निघता येतं. आज नऊ वाजून पाच मिनिटांनी मी तो मार्ग पत्करला. हरणाबाई माळावर गेलेली असते, गोठ्यात फक्त म्हैस. म्हशीला मूक नमस्कार केला. ती बाजूला झाली. माणसांपेक्षा बरी.

पाय शेणात. पण मन किती हलकं!

२३ जानेवारी, शुक्रवार

भिंतीचा पाचवा दिवस. बटणं दोन गेली, गुडघा एक. तरीही हा मार्ग पूर्वीच का सुचला नाही असं वाटतं.

कालच्या उडीत चपलेचा अंगठा तुटला. रात्री अंजनाने तारेचा तुकडा गुंडाळून घट्ट बांधून दिला. तार कुठून आणली विचारलं, तर म्हणाली, "मामांनी त्येंच्या हत्याराच्या पेटीतली दिली." शत्रूच्या तारेवर चालतोय मी. पण दुसरी चप्पल नाही.

हवालदार आता काठी घेऊन असतात. पितळी टोकाची. चालताना जमिनीवर, भिंतीवर, पायरीवर आपटतात, ठक, ठक. मी खोलीतून ऐकतो. सराव चाललाय.

२८ जानेवारी, बुधवार

हरणाबाई नळावर अंजनाला सांगत होती. हवालदारांनी तिला विचारलं म्हणे, रोज सकाळी तुझ्या गोठ्याकडनं कोण जातं गं? मला भिंतीवरनं उतरल्याचं ऐकू येतं, चोर तर न्हाई? हरणाबाई म्हणाली, माझ्या गोठ्यात चोरायला काय हाय, एक म्हस, ती बी लाथाळ.

हे ऐकून बरंच वाटलं. चोराच्या विचारात आहेत, म्हणजे माझ्यावरचं लक्ष तेवढं कमी.

अंजनाने माझ्याकडे बघितलं. मी स्मित केलं.

१ फेब्रुवारी, रविवार

दोन दिवस उरले. ठराव:
एक, तीन तारखेला भिंतीवरून सकाळी लवकर बाहेर पडणे.
दोन, संध्याकाळी अंधार पडल्यावर घरी येणे.
तीन, हवालदारांनी सामान बाहेर काढलंच, तर अंजना घरी असेलच. ती बोलायला खमकी आहे.
चार, धीर न सोडणे.

चौथ्याची अंमलबजावणी आजपासून. दोनदा भिंत बघून आलो.

३ फेब्रुवारी, मंगळवार. सांगली. दुपारी चार

जमेल तसं, क्रमाने लिहितो.

सकाळी आठला भिंतीवर चढलो. एक पाय इकडे, एक तिकडे. एवढ्यात मागून आवाज फुटला, "हाल्ट! कोण हाय?" हवालदार! आमच्या परसात! भिंतीला हात लावत, काठी पुढे करून सरळ माझ्याकडेच येत होते. मुदतीच्या दिवशी सकाळी सकाळीच कारवाई. मी हललो नाही. हलता आलंच नाही. पुन्हा "हाल्ट!" मग मी उडीच टाकली. एक चप्पल मागे परसात पडली. म्हैस बिथरली. आणि मागे काहीतरी धप्पकन पडलं. काठी पडल्याचा आवाज आला आणि त्यानंतर "आई गं" असं कोणीतरी म्हणालं.

मागे वळून बघितलं नाही. दुसऱ्याच्या परसात डोकावणं बरं नव्हे.

एका पायात चप्पल घालून पळत शेजारच्या कराडचा स्टँड गाठला. समोर सांगलीची गाडी उभी होती. आत बसलो. सांगलीत अंजनाचा भाऊ भाऊसो राहतो. त्याला सांगितलं, सौजन्याच्या कामासाठी अचानक यावं लागलं. तो माझ्या पायाकडे बघत म्हणाला, "या, बसा." पायाबद्दल एक शब्द विचारला नाही. सुसंस्कृत घराणं.

अंजनाला कार्ड टाकलं: कामासाठी सांगलीत आहे, काळजी नसावी. कचेरीत तार केली: प्रकृती अस्वस्थ. दोन्ही खरंच आहे.

४ फेब्रुवारी

त्या 'आई गं'चा विचार करायचा नाही असं ठरवलंय. मांजर असेल.

मांजर 'आई गं' म्हणत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

भाऊसोची बायको रोज विचारते, दाजी, काम कुठं असतंय? मी सांगतो, इथंच. तिने आज माझ्यापुढे भाऊसोची जुनी वहाण आणून ठेवली. कर्रर कर्रर वाजते. बाहेर गेलोच नाही.

दारावरून पोलीस सायकलवर गेला. मी मोरीत जाऊन बसलो. पाच मिनिटं. मग पंधरा.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

अंजनाचं कार्ड आलं. जसंच्या तसं चिकटवून ठेवतो.

"मामा मंगळवारी आपल्या परसात पडले. पाय मोडला. चोराच्या पाठीमागं गेले म्हणतात. हरणाबाईनं आणि मी टेंपोनं मिरजेला आणलं. दवाखान्यात डॉक्टरांनी डोळे बघितले, दोन्हीत मोतीबिंदू पिकलाय. वरीस दीड वरीस त्यास्नी दिसतच नव्हतं नीट, कुणाला सांगितलं न्हाई. पोराला कळलं तर घर विकून आसामात न्हेईल म्हणून. मी तुमास्नी दोनदा सांगत हुते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. म्हातारं एकलं हाय. मी हितंच हाय. तुमी भाऊसोकडंच असणार, दुसरीकडं कुठं जाताय. सांगलीसनं मिरज किती लांब हाय? या."

तीन वेळा वाचलं. दिसत नव्हतं.

म्हणजे उलटा पेपर. लिंबाकडे बघणं. अठरा पावलं नळापर्यंत. आणि माझा मूक नमस्कार! स्मितासह!

मी जेवलो नाही. भाऊसोला वाटलं, वांग्यात मीठ जास्त झालं.

तसं पाहिलं तर माझी चूक नाही. माणसाने आपल्याला दिसत नाही हे सांगायला नको? मी विचारलं असतं तर सांगितलंच असतं त्यांनी.

विचारलं नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार. मिरज

वाटेत अर्धा शेर भडंग घेतलं. पाय मोडलेल्या माणसाला भडंग कशाला, ते माहीत नाही. हातात काहीतरी असलेलं बरं. हवालदारांनी आपल्याला ओळखलं तर काय म्हणायचं, याची पाच वाक्यं पाठ केली. बसमध्ये तीन विसरलो.

लांबच लांब वॉर्ड. शेवटच्या खाटेवर हवालदार. एवढासा माणूस झाला होता. पायाला प्लॅस्टर, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, मिशा खाली आलेल्या. अंजना त्यांना पेज भरवत होती. मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहिलो. सवयीने हात जोडले गेले. अंजनाने मला बघितलं. पेजेचा चमचा पुढे केला.

हवालदार तिच्याशी बोलत होते. मी इथं शब्दशः लिहून ठेवतो. नाहीतर उद्या माझ्या सोयीचं काहीतरी आठवेल.

म्हणाले, "अंजना, तुझा मालक माझ्याव का रुसलाय गं? म्हैना झाला, रामराम न्हाई. आगं, दिसंना झाल्यापासनं घड्याळ ठाऊक न्हाई मला. नऊ धाला त्येंची वहाण करकर वाजायची, रामराम यायचा, मग कळायचं दिवस कुठवर आला. मग उठून अठरा पावलं नळापत्तूर जायाचं. बाकीची मानसं म्हाताऱ्याला कवा कवा बोलत्यात. ह्यो एकटा रोज, चुकवायचा न्हाई. आन् एकदम बंद झालं. मला वाटलं, खोल्या सोडत्यात वाटतं. नवं घर बघितलं असंल, म्हणून बोलायचं टाकलं. त्या भ्यानं मला झोप लागंना. सगळं घर मोकळं झालं तर मी एकला काय करू? त्यात परसाच्या भितीव रोज कुनीतरी चढतंय."

अंजना म्हणाली, पाणी आणते. आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेली. तांब्या भरलेलाच होता.

आता खाटेपाशी मी आणि ते. पाचही वाक्यं गेली होती. तोंड उघडलं तर काय निघेल याची खात्री नव्हती. जे निघालं ते सवयीचंच. "रामराम, हवालदारसाहेब."

आवाज फाटला. शेजारच्या दोन खाटांवरचे पेशंट उठून बसले.

हवालदारांचं तोंड एकदम उजळलं. पट्टीखालीसुद्धा कळलं. "रामराम, या!" म्हणाले. मग हाताने चाचपून उशीखालून एक पुडकं काढलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली रबरी चप्पल. अंगठ्याला तार.

आवाज खाली आणून म्हणाले, "घाला. ही तुमचीच हाय. तार माझ्या पेटीतली, हाताला कळती. मी कुनाला सांगितलं न्हाई. अंजनाला बी न्हाई. पोलीस आला हुता, त्येला म्हणलं, चोर हुता, पळाला. आता, भला मानूस भितीवरनं जातोय म्हंजे त्येला माझ्या दारावरनं जायाची चोरी झाली असणार. माझंच कायतरी चुकलं. काय चुकलं आसंल तर बोला. पर खोली सोडू नगा."

मी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही सोडत.

हवालदार वाट बघत राहिले. मग त्यांचा हात चादरीवर फिरायला लागला, काहीतरी शोधत असल्यासारखा. हळूच म्हणाले, "सोडताय व्हय?"

मान हलवलेली त्यांना दिसली नव्हती. पुन्हा तेच. मी पुन्हा तेच केलं होतं.

मग मी ओरडलोच. नाही हो! नाही सोडत! कुठंही जात नाही! नर्स धावत आली. म्हणाली, इथं शांतता राखा. मी तिला म्हणालो, बाई, त्यांना दिसत नाही, बोलावं लागतं. ती म्हणाली, ते आम्हाला माहीत आहे.

सगळ्यांना माहीत होतं. मी खाटेच्या कडेला बसलो आणि रडलो. हवालदार म्हणाले, "भडंगाचा वास येतोय." पुडा फोडून दिला. पेजेनंतर त्यांनी भडंग खाल्लं. मला विचारत होते, पायाला लागलं तर न्हाई न्हवं, भित उंच हाय.

भिंतीवर मी होतो हे मी अजून कबूल केलेलं नाही. ते मानून चालले, मी मानू दिलं. पेशंटला त्रास नको.

खोटं आहे हे. धीर झाला नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

कचेरीत हजर. अहवालाची तारीख उद्या. ठळक उदाहरणाच्या रकान्यासाठी जानेवारीत माझ्यावरच चार पानं लिहून ठेवली होती, ती फाडली. लिहिलं: लालासाहेब, रिटायर हवालदार, मुक्काम मलकापूर. तपशील: भाडेकरूची चप्पल परत दिली.

साहेब म्हणाले, यात काय सौजन्य? सांगायला हवं होतं. सगळं सांगायचं मनात आलंही होतं. साहेबांनी चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या मनातून ते निघून गेलं. त्यांनी हवालदारांचं नाव खोडलं आणि तिथं स्वतःचं घातलं. तपशील: कर्मचाऱ्यांशी नेहमी हसतमुख.

मी म्हणालो, बरोबर आहे साहेब.

१० फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी नऊ दहा

अंजना मिरजेहून शनिवारी येणार, हवालदार त्यानंतर आठ दिवसांनी. एक डोळा चांगला झालाय. हरणाबाईला भिंतीबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "मला पैल्या दिसापासनं ठावं हाय. म्हस सांगत हुती."

जुनी वहाण काढली. ते यायच्या आधी आवाज तयार असावा म्हणून सराव करायचं ठरवलं. करकर वाजवत बोळातून आलो, जोत्यापुढे थांबलो, छाती भरून श्वास घेतला. आतापासून रोज. न चुकता.

रामराम, हवालदारसाहेब!

आवाज चांगला निघाला. जोतं रिकामंच होतं. कडेला कुत्रं झोपलेलं, तेवढं उठून गेलं.